ज्ञानाची अट आणि नागरिकत्वाचा अधिकार

एखाद्या देशात जन्मलेल्या माणसाला तो देश नागरिक मानण्यापूर्वी त्याचे इतिहासाचे, राज्यघटनेचे किंवा भाषेचे ज्ञान तपासत नाही; परंतु बाहेरून येऊन त्याच देशात वर्षानुवर्षे कष्ट करणाऱ्या, कर भरणाऱ्या आणि मुले वाढवणाऱ्या माणसाने नागरिकत्व मागितले, तर आज जगातले अनेक देश त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका ठेवतात. देशाची भाषा, इतिहास, शासनव्यवस्था आणि मूल्ये यांची किमान माहिती अर्जदाराला आहे की नाही, हे ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांवरून पाहणारी ही व्यवस्था म्हणजे नागरिकत्वाची ज्ञानपरीक्षा होय. ती किती प्रश्नांची असावी, किती गुणांना उत्तीर्ण मानावे, हे प्रशासनाचे प्रश्न आहेत. मात्र त्यांच्या तळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे आणि तो पुरातन आहे. समाजाचा घटक असणे ही गोष्ट ज्ञानाने सिद्ध करावयाची असते काय, आणि असेल, तर ते ज्ञान कोणते व ते तपासण्याचा अधिकार कोणाला, असा तो प्रश्न आहे. मराठी वाचकाला तो परका नाही, कारण त्याच्या धर्मपरंपरेत, त्याच्या राज्यकारभारात आणि देशात व परदेशात विखुरलेल्या त्याच्या कुटुंबांत तो निरनिराळ्या रूपांनी उभा राहिलेला आहे.

प्रथम भारताचा कायदा काय म्हणतो ते पाहणे योग्य ठरेल. परदेशी व्यक्तीला दीर्घ वास्तव्यानंतर नागरिक करून घेण्याच्या पद्धतीला देशीयकरण म्हणतात, आणि तिच्या अटी नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेल्या आहेत. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे भारतात राहिलेल्या, चांगल्या चारित्र्याच्या आणि पुढेही भारतातच राहू इच्छिणाऱ्या अर्जदाराकडून हा कायदा ज्ञानाच्या अंगाने एकच अपेक्षा ठेवतो, ती म्हणजे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान. इतिहासाची प्रश्नपत्रिका नाही, राष्ट्रपुरुषांच्या जन्मतारखा नाहीत, सणावारांची चौकशी नाही; भाषेपलीकडे आहे ती केवळ संविधानाशी निष्ठा राखण्याची, देशाचे कायदे पाळण्याची आणि नागरिकाची कर्तव्ये बजावण्याची शपथ. भारतीय वंशाची किंवा भारतीय नागरिकाशी विवाहबद्ध झालेली व्यक्ती नोंदणीच्या मार्गाने नागरिकत्व मागते, तेव्हा भाषेची ही अटही लागू होत नाही. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांसाठी असाधारण कार्य केलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर केंद्र सरकार देशीयकरणाच्या साऱ्याच अटी शिथिल करू शकते.

या तरतुदीचे मर्म बेंगळुरूच्या जयनगरसारख्या ठिकाणी नीट उमगते. शहराच्या दक्षिणेस १९४८ पासून आखून वसवलेल्या या वसाहतीत कन्नड ही सार्वजनिक व्यवहाराची भाषा असली, तरी घराघरांत तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, तुळू अशा अनेक भाषा बोलल्या जातात. तेथे दीर्घकाळ राहिलेल्या एखाद्या परदेशी व्यक्तीने शेजाऱ्यांकडून केवळ मराठी आत्मसात केली असेल, तरी भारतीय नागरिकत्वाची भाषेची अट ती पुरी करते. उलट ज्याला इंग्रजीखेरीज काहीच येत नाही, तो कितीही शिकलेला असला तरी ती पुरी करत नाही, कारण इंग्रजी आठव्या अनुसूचीत नाही. बहुभाषिक राष्ट्रात राष्ट्राचे सदस्यत्व कोणत्याही एका भाषेच्या मालकीचे असू शकत नाही, हा विचार या तरतुदीमागे आहे आणि तो उदार आहे. तथापि कोणतीही यादी कोणाला तरी बाहेर ठेवतेच. तुळू आणि कोडव या कर्नाटकाच्या भूमीतल्याच भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. त्यामुळे मंगळुरूजवळच्या गावात राहून अस्खलित तुळू बोलू लागलेला परदेशी माणूस त्या मातीशी कितीही एकरूप झाला असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचे भाषाज्ञान अपुरे ठरते. ज्ञानाची अट सौम्य असली तरी ज्ञान कशाला म्हणावे याचा निर्णय तिच्यात आधीच झालेला असतो, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते.

बेंगळुरूतल्या मराठी माणसांचा इतिहासही या चर्चेत प्रस्तुत आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजांनी केम्पेगौडांच्या वंशजांकडून हे ठाणे जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादित केला असून, त्या दरबारात अनेक भाषांचे कवी एकत्र येत असल्याचे त्यावरून दिसते. त्या काळापासून आणि नंतरच्या निरनिराळ्या स्थलांतरांतून या परिसरात स्थिरावलेली मराठी कुटुंबे घरात मराठी आणि बाहेर कन्नड बोलत पिढ्यान्‌पिढ्या तेथलीच होऊन गेली. त्यांना या भूमीचे करून घेण्यासाठी कोणी परीक्षा घेतली नाही; पेठेतला व्यवहार, शाळा, शेजार, देवळे आणि सोयरीक यांतून त्यांना जे कळत गेले, तेच त्यांच्या आपलेपणाचे साधन ठरले. सदस्यत्वाचे ज्ञान सहवासातून येते आणि सहवासाला काळ लागतो, ही गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते.

तरीही ज्ञानपरीक्षेची कल्पना बेंगळुरूला परकी राहिलेली नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने उद्योग, कारखाने व इतर आस्थापनांतील स्थानिक उमेदवारांच्या नोकऱ्यांसंबंधी एक विधेयक संमत केले. व्यवस्थापकीय पदांपैकी ५० टक्के आणि बिगरव्यवस्थापकीय पदांपैकी ७० टक्के जागा स्थानिकांना देण्याची त्यात तरतूद होती, आणि स्थानिक कोण हे ठरवताना कर्नाटकातील जन्म, पंधरा वर्षांचे वास्तव्य व कन्नड बोलता, वाचता, लिहिता येण्याची क्षमता यांचा उल्लेख होता. ज्याच्या शालान्त प्रमाणपत्रात कन्नड हा विषय नसेल, त्याला नियुक्त यंत्रणेने ठरवलेली कन्नडची परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक केले होते. उद्योगक्षेत्रातून तीव्र आक्षेप आल्यावर सरकारने काही दिवसांतच हे विधेयक स्थगित ठेवले. हा प्रश्न परदेशी माणसांचा नव्हता, एकाच देशाच्या नागरिकांचा होता. पण त्याची तार्किक रचना नागरिकत्वाच्या परीक्षेसारखीच होती, कारण येथेही जन्म, वास्तव्य आणि ज्ञान यांच्या आधारे आतला कोण व बाहेरचा कोण, हे ठरवायचे होते. त्यामागची वेदना खोटी नव्हती. आपल्याच राजधानीत आपली भाषा बोलून काम होत नाही, हा अनुभव कन्नड माणसाला येतो आणि मुंबईतल्या मराठी माणसालाही येतो. प्रश्न इतकाच आहे की त्या वेदनेवर परीक्षा हा उपाय ठरतो काय.

परीक्षेच्या बाजूचे युक्तिवाद सर्वांत बळकट स्वरूपात मांडून मगच तपासणे न्याय्य होईल. पहिला युक्तिवाद अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत मागे जातो. ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात त्याने नागरिकाची ओळख केवळ वास्तव्यावरून दिली नाही, तर न्यायदानात आणि राज्याच्या कारभारात सहभागी होण्याच्या अधिकारावरून दिली. नागरिक हा राज्याचा वाटेकरी असेल, तर ज्या भाषेत आणि ज्या संस्थांमधून सामूहिक निर्णय होतात, त्यांचे ज्ञान त्याला असणे साहजिक ठरते. दुसरा युक्तिवाद नवागताच्या हिताचा आहे. भाषा आणि कायदा न कळणारा माणूस मालकाच्या, दलालाच्या किंवा घरातल्याच एखाद्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. विवाहानंतर परदेशी गेलेल्या स्त्रीला पोलिसांना दूरध्वनी करता येणे, डॉक्टरांशी स्वतः बोलता येणे, घर व वेतन यांबाबतचे आपले हक्क ठाऊक असणे, हे तिच्या स्वातंत्र्याचे पहिले साधन असते. तिसरा युक्तिवाद निष्पक्षतेचा असून तो सहसा दुर्लक्षिला जातो. नियम अस्पष्ट असेल, तेथे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव राहतो. ‘पुरेसे ज्ञान’ म्हणजे किती, हे एकाने एक ठरवावे आणि दुसऱ्याने दुसरे, यापेक्षा सर्वांना आधीच ठाऊक असलेले प्रश्न आणि सर्वांना सारखीच कसोटी ही पद्धत गरीब, निराधार अर्जदाराला अधिक संरक्षण देते. नागरिकत्व अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीखालील अर्जांसाठी २०२४ मध्ये काढलेल्या भारतीय नियमांत भाषाज्ञानासाठी अर्जदाराचे स्वतःचे घोषणापत्र मान्य केले असून, बोलता, वाचता किंवा लिहिता यांपैकी एक येणेही पुरेसे धरले आहे. अशी स्पष्टता मर्जीचा वाव कमी करते, हे मान्य केले पाहिजे.

हे तीनही युक्तिवाद खरे असले, तरी प्रत्यक्षातल्या परीक्षा त्यांच्या कसोटीला कितपत उतरतात हे पाहावे लागते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००५ पासून नागरिकत्वासाठी आणि एप्रिल २००७ पासून कायम वास्तव्यासाठीही ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा लागू झाली. तिच्यात ४५ मिनिटांत २४ प्रश्नांपैकी किमान १८ बरोबर सोडवावे लागतात. २०१३ मध्ये डरहम विद्यापीठातील विधिशास्त्राचे अभ्यासक थॉम ब्रूक्स यांनी या परीक्षेची सविस्तर चिकित्सा केली. ते स्वतः अमेरिकेत जन्मलेले आणि ही परीक्षा देऊन ब्रिटिश नागरिक झालेले होते. परीक्षेच्या पुस्तिकेत सुमारे तीन हजार तथ्ये आणि २७८ ऐतिहासिक तारखा आल्या आहेत, पण रुग्णवाहिका कशी बोलवावी यासारखी आधीच्या आवृत्तीतली व्यवहारोपयोगी माहिती मात्र गळाली आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या ज्ञानाने नवागताचे रक्षण होते ते बाजूला पडले आणि जे ज्ञान तेथे जन्मलेल्या बहुसंख्यांनाही नसते ते अनिवार्य झाले. मग परीक्षेचा उपयोग नेमका कोणासाठी उरतो? अमेरिकेतही असाच विरोधाभास आढळतो. तेथील नागरिकशास्त्राच्या परीक्षेत २००८ पासून शंभर प्रश्नांच्या जाहीर यादीतून जास्तीत जास्त दहा विचारले जात व सहा बरोबर यावे लागत. ऑक्टोबर २०२५ पासून यादी १२८ प्रश्नांची झाली असून वीसपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. याच परीक्षेतल्या प्रश्नांवर २०१८ मध्ये वुड्रो विल्सन फाउंडेशनने अमेरिकी नागरिकांचे सर्वेक्षण केले, तेव्हा तिघांपैकी साधारण एकच जण उत्तीर्ण होण्याइतकी उत्तरे देऊ शकला. जे ज्ञान नसतानाही कोट्यवधी माणसे मतदान करतात आणि कोणी त्यांच्या नागरिकत्वाविषयी शंका घेत नाही, तेच ज्ञान नवागताच्या योग्यतेचे प्रमाण मानणे समतेच्या तत्त्वात बसत नाही.

परदेशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे पाहिले, तर या परीक्षा प्रत्यक्षात काय मोजतात हे आणखी स्पष्ट होते. पुण्या-मुंबईहून किंवा बेंगळुरूहून गेलेला अभियंता आयुष्यभर परीक्षाच देत आलेला असतो. जर्मनीतील ३१० प्रश्नांच्या जाहीर संचातून निवडलेल्या ३३ प्रश्नांपैकी १७ किंवा ऑस्ट्रेलियातील वीसपैकी पंधरा बरोबर सोडवणे त्याला थोड्या दिवसांच्या वाचनाने जमते. त्याच कुटुंबातील, उतारवयात मुलांकडे राहायला गेलेली, गावच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली आई मात्र नातवंडांना वाढवते, शेजाऱ्यांच्या सुखदुःखात सहभागी होते, पण छापील पर्यायांपुढे गोंधळून जाते. तिच्यासारख्यांसाठी काही देशांनी वयाच्या सवलती ठेवल्या आहेत. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तीला परीक्षा द्यावी लागत नाही, तर अमेरिकेत वय ६५ आणि कायम वास्तव्याची वीस वर्षे पूर्ण असलेल्याला वीसच प्रश्नांचा लहान संच अभ्यासावा लागतो. या सवलतींतच एक कबुली दडलेली आहे: परीक्षा जे मोजते ते मुख्यत्वे शालेय शिक्षण असते, समाजाशी जडलेले नाते नसते. नेदरलँड्‌सने २००६ मध्ये याही पुढे जाऊन, कुटुंबाकडे येऊ इच्छिणाऱ्या जोडीदाराने मायदेशीच परीक्षा द्यावी असे ठरवले आणि अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांच्या नागरिकांना त्यातून वगळले. भारतीयांना मात्र वगळले नाही. अशी परीक्षा कुटुंबाच्या एकत्र येण्याला अशक्य किंवा अवाजवी कठीण करता कामा नये, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिला. ज्ञान सर्वांसाठी सारखेच आवश्यक असेल, तर श्रीमंत देशांच्या पारपत्राने त्याची गरज का संपावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या कायद्याकडे नव्हते.

हा भेदभाव योगायोगाने घडलेला नाही, कारण परीक्षेचे हे साधन भारतीयांविरुद्धच वापरले गेल्याचा इतिहास आहे. १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. त्यात वंशाचा उल्लेख नव्हता, फक्त युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे अशी अट होती, आणि तिचा रोख प्रामुख्याने तेथे येणाऱ्या भारतीयांवर होता. मोहनदास गांधी त्या वेळी नाताळमध्येच होते आणि भारतीयांच्या हक्कांसाठी लढत होते. त्याच वर्षी ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी इतर वसाहतींपुढे हाच मार्ग आदर्श म्हणून ठेवला, आणि १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा आणली, जी अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेत घेऊ शकत असे. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषी लेखकाला बाहेर ठेवण्यासाठी ती स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली गेली, आणि न्यायालयाने ती भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नव्हे असे म्हणून ती कारवाई रद्द केली. ही श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात टिकून होती. परीक्षेचा हेतू ज्ञान तपासण्याचा नसून माणूस नाकारण्याचा असू शकतो, आणि तो हेतू तिच्या तटस्थ शब्दांआड सहज लपू शकतो, हा या इतिहासाचा धडा आहे. आजच्या सर्व परीक्षा तशाच आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण हे साधन कोणाच्या हाती कसे वळते याची आठवण ठेवल्याशिवाय त्याचा विचार पुरा होत नाही.

या प्रश्नाला भारतीय विचाराने दिलेले सर्वांत मूलगामी उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात आहे, आणि ते मतदानाच्या हक्कासंबंधी दिलेले आहे. ब्रिटिश अमलातला मताधिकार संपत्ती आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. सायमन कमिशनशी सहकार्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य या नात्याने मे १९२९ मध्ये सादर केलेल्या स्वतंत्र अहवालात आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि साक्षरतेच्या अटीवर नेमके बोट ठेवले: लोकांना आधी निरक्षर ठेवायचे आणि मग त्याच निरक्षरतेचे कारण देऊन त्यांना मताधिकार नाकारायचा, हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. पुढे संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदानाचा हक्क दिला. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता केवळ १८ टक्क्यांच्या आसपास असताना, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद झाली आणि वाचता न येणाऱ्या मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी ठेवण्यात आली. मतदाराने राज्याला समजून घ्यावे म्हणून परीक्षा घेण्याऐवजी राज्याने मतदाराला समजेल असे रूप धारण केले, हे या प्रजासत्ताकाचे नैतिक वैशिष्ट्य आहे. डिसेंबर २०१५ मध्ये राजबाला विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंचायतीच्या उमेदवारांसाठी शालेय शिक्षणाची अट वैध ठरवली. तो निर्णय आज कायदा आहे, पण आंबेडकरांच्या युक्तिवादाला त्याने उत्तर दिलेले नाही, कारण ज्या दलित व ग्रामीण स्त्रियांना शाळेपर्यंत पोहोचताच आले नाही, त्यांच्या वंचिततेचीच शिक्षा त्यांना पुन्हा भोगावी लागते.

धर्मपरंपरेत हाच वाद अधिकाराच्या संकल्पनेभोवती झालेला आहे. वेदान्तात अधिकार म्हणजे एखाद्या विद्येला पात्र असण्याची योग्यता. शंकराचार्यांनी ती विवेक, वैराग्य, शमदमादि सहा गुण आणि मोक्षाची तळमळ या अंतरंगाच्या साधनांनी सांगितली, तरी वेदाध्ययनाचा मार्ग शूद्रांना बंदच ठेवला. ज्याला शिकण्याची परवानगी नाही त्याला अज्ञानी म्हणून अपात्र ठरवायचे, ही ती रचना होती, आणि आंबेडकरांनी मताधिकाराच्या संदर्भात ओळखलेली रचना हीच आहे. तिला छेद देणारा प्रवाहही परंपरेतच आहे. वज्रसूची उपनिषदात ब्राह्मण कशाने होतो असा प्रश्न विचारून जीव, देह, जाती, ज्ञान, कर्म आणि धार्मिकता या सहाही उत्तरांना क्रमाने नाकारले आहे. तेथे ज्ञान नाकारण्याचे कारण असे की ज्ञानी माणसे इतर वर्णांतही पुष्कळ असतात, म्हणून ज्ञान ही कोणत्याही गटाची सीमा आखू शकत नाही. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी हा विचार मराठी अभंगांत आणला. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात तर ज्ञानाची यादीच निराळी आहे: अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा, सरळपणा, आचार्यांची सेवा, स्थैर्य अशा वृत्तींना तेथे ज्ञान म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या एकेका वृत्तीचा विस्तार मोठ्या प्रेमाने केला आहे. हे ज्ञान म्हणजे माहिती नव्हे, वागण्याची घडण होय. चांगला नागरिक होण्यासाठी जे लागते ते या यादीच्या अधिक जवळ आहे: दुसऱ्याचे ऐकून घेणे, कायदा पाळणे, आपल्या मताविरुद्ध गेलेला निर्णय शांतपणे स्वीकारणे, दुर्बलाच्या बाजूने उभे राहणे. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२० पासून मूल्यांवरचे पाच प्रश्न अनिवार्य करून ते सर्व बरोबर आलेच पाहिजेत असा नियम केला, पण मूल्यांवरील प्रश्नाचे बरोबर उत्तर देणे आणि ते मूल्य जगणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणतीही प्रश्नपत्रिका मोजू शकत नाही. उलट अशा प्रश्नांनी प्रामाणिक माणसाला अडचण येते आणि अप्रामाणिक माणूस अपेक्षित खूण करून पुढे जातो.

तर मग ज्ञानाची अपेक्षाच सोडून द्यावी काय? तसे म्हणता येणार नाही. राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये ‘स्फीअर्स ऑफ जस्टिस’ या ग्रंथात प्राचीन अथेन्समधील मेटिक, म्हणजे तेथे राहून काम करणारे पण नागरिक नसलेले परदेशी, यांचे उदाहरण घेऊन दाखवले की ज्यांच्या श्रमावर समाज चालतो त्यांना कायमचे बाहेर ठेवणारे राज्य आतून जुलमी होते. जोसेफ केरन्स यांनी २०१३ च्या ‘द एथिक्स ऑफ इमिग्रेशन’मध्ये पुढचे पाऊल टाकून सांगितले की दीर्घ वास्तव्य हेच सदस्यत्वाचे पुरेसे प्रमाण आहे, कारण राहता राहताच माणूस तेथला होतो. या विचाराला भारतीय परंपरेतील ऋणाच्या कल्पनेची जोड दिली, तर चित्र पुरे होते. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण माणसावर जन्मतःच असते आणि ते यज्ञाने, अध्ययनाने व संततीने फेडायचे असते, असे शास्त्र सांगते. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, याचा अर्थ ज्ञान हे कर्तव्य आहे, पण ते कर्तव्य आधी मिळालेल्या गोष्टीबद्दल आहे. जयनगरात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबावर कन्नड भूमीचे असे ऋण आहे: तिच्या पाण्यावर, शाळांवर, रस्त्यांवर आणि सौहार्दावर त्याचे जीवन उभे आहे, आणि कन्नड शिकणे, तिचे साहित्य समजून घेणे, ‘कन्नड गोत्तिल्ल’ (कन्नड येत नाही) म्हणून वर्षानुवर्षे हात न झटकणे, हा ते ऋण फेडण्याचा मार्ग आहे. पण ऋण फेडण्यासाठी माणूस आधी घरात घेतलेला असावा लागतो. दारातच उभे करून ज्याला हिशेब मागितला जातो, त्याच्यावर ऋण नसते, फक्त किंमत आकारलेली असते.

या विवेचनातून न्याय्य ज्ञानपरीक्षेच्या काही अटी निष्पन्न होतात. पहिली अट अशी, की राज्याने जे विचारायचे ते आधी स्वतः शिकवले पाहिजे, आणि तेही विनामूल्य, नोकरीधंद्याच्या वेळा सांभाळून, अर्जदाराला कळेल अशा पद्धतीने. कन्नड विकास प्राधिकरणासारख्या संस्था अन्यभाषकांसाठी जे शिकवणीचे वर्ग चालवतात, त्यांत घातलेला पैसा परीक्षायंत्रणेवर घातलेल्या पैशापेक्षा अधिक फलदायी ठरेल. दुसरी अट, विचारलेले ज्ञान अर्जदाराच्या संरक्षणाचे असावे: मतदान कसे करावे, तक्रार कोठे करावी, वेतन थकले तर कोणाकडे जावे, मारहाण झाली तर कोणता क्रमांक लावावा. तिसरी, प्रश्न जाहीर असावेत आणि कोणत्याही देशाच्या नागरिकाला, कोणत्याही वर्गाला, केवळ ओळखीने किंवा पारपत्राने सूट असू नये. सूट द्यायची तर ती वय, आजार, अपंगत्व आणि शिक्षणाच्या अभावाला द्यावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे अनुत्तीर्ण झाल्याने नागरिकत्व लांबणीवर पडेल, पण कधीच कायमचे नाकारले जाणार नाही. पुरेशी वर्षे राहिलेल्या, प्रामाणिकपणे शिकण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला शेवटी त्याचे वास्तव्य आणि प्रयत्न हेच प्रमाण मानून आत घेतले पाहिजे. या चार अटी पाळल्या, तर परीक्षा ही शिकवणीची शेवटची पायरी होते. त्या न पाळल्यास ती कुंपण होते.

मराठी समाजाने या अटी स्वतःलाही लावून घेतल्या पाहिजेत, नाहीतर त्याचे म्हणणे केवळ सोयीचे ठरेल. १ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेनंतर बेळगाव आणि सीमाभागातील मराठी माणूस आपल्या भाषेतील शिक्षण आणि कागदपत्रे मागतो, तेव्हा तो भाषिक अल्पसंख्याकाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय सांगणाऱ्या संविधानाच्या ३५०अ या अनुच्छेदाचा आधार घेतो, आणि तो आधार योग्य आहे. त्याच मराठी समाजाच्या सरकारने २०१६ मध्ये मुंबई परिसरातील रिक्षा परवान्यासाठी मराठीच्या ज्ञानाची अट घातली, आणि पुढील वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. प्रवाशाशी मराठीत बोलता येणे ही रिक्षाचालकाकडून करावयाची रास्त अपेक्षा आहे. पण परवाना देताना चाळण म्हणून ती वापरली, की तिचे रूप बदलते, आणि जे बेळगावात अन्यायाचे वाटते ते अंधेरीत न्यायाचे कसे, या प्रश्नापुढे मौन बाळगावे लागते. बेंगळुरूत कन्नडचा आदर, बेळगावात मराठीचा हक्क आणि मुंबईत परप्रांतीय श्रमिकाचा सन्मान, या तिन्ही गोष्टी एकाच तत्त्वातून निघतात: भाषा शिकवावी, तिच्याविषयी प्रेम निर्माण करावे, सार्वजनिक व्यवहारात तिला मानाचे स्थान द्यावे, पण कोणाच्या भाकरीवर किंवा अस्तित्वावर तिचा पहारा बसवू नये.

नागरिकत्वाच्या ज्ञानपरीक्षा न्याय्य व उपयुक्त आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून सशर्तच देता येते. माणसाला शिकवण्याच्या हेतूने त्या घेतल्या, तर त्या उपयुक्त होऊ शकतात. माणसाला मोजण्याच्या हेतूने घेतल्या, तर न्याय्य ठरण्याची शक्यता फार थोडी असते, कारण ज्या ज्ञानाने नागरिक घडतो ते मोजमापात येत नाही आणि जे मोजमापात येते त्याने नागरिक घडत नाही. आठव्या अनुसूचीतील कोणतीही एक भाषा आणि संविधानाशी निष्ठेची शपथ, एवढ्यावर थांबणारा भारतीय कायदा या कसोटीवर बऱ्याच परदेशी कायद्यांपेक्षा सरस ठरतो. मात्र अनुसूचीबाहेरच्या देशी भाषांना त्यात सामावून घेणे आणि ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ सर्व अर्जदारांसाठी सारखाच स्पष्ट करणे, ही त्याची राहिलेली कामे आहेत. ज्या देशाने आपल्या कोट्यवधी निरक्षर माणसांवर विश्वास टाकून प्रजासत्ताकाची उभारणी केली, त्याने नव्याने येऊन राहिलेल्या माणसावरही तसाच विश्वास टाकावा आणि त्याला शिकवण्याची जबाबदारी आधी स्वतः उचलावी, हेच त्या प्रजासत्ताकाच्या मूळ प्रतिज्ञेशी सुसंगत आहे.